पिंग एकाच बाजूने जातो

तक्रार एवढीच होती: माडीवरच्या लॅपटॉपवरून खालचा डेस्कटॉप दिसतो, म्हणजे पिंगला (यंत्र पोहोचतं का हे पाहणाऱ्या हाकेला) उत्तर मिळतं, डेस्कटॉपवरून लॅपटॉप दिसत नाही. लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स आणि सांबाचं (विंडोजला लिनक्सवरच्या फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमचं) शेअर फोल्डर, खाली विंडोज. आधीच्या माणसाने दोन्हीकडची फायरवॉल बंद करून ठेवली होती. आमच्या धंद्यात हे औषध सर्दीपासून काविळीपर्यंत सगळ्यावर देतात.

फायरवॉल चालू केली आणि पत्ते पाहिले. डेस्कटॉप १९२.१६८.१.१४, लॅपटॉप १९२.१६८.०.१०५. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे घरात दोन नेटवर्क. फायबरचा ओएनटी, म्हणजे कंपनीने बसवलेला डबा, बहुधा स्वतःच राउटर असतो. त्यातून निघालेली केबल माडीवरच्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या भोकात. अगदी खोक्यावरच्या चित्राप्रमाणे, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

लॅपटॉपचं पॅकेट बाहेर पडताना राउटर नॅट (पत्त्याची अदलाबदल) करून त्यावर स्वतःचा १९२.१६८.१.७ हा पत्ता चढवतो. विंडोजला ते शेजारचंच यंत्र वाटतं, उत्तर मिळतं. उलट दिशेने मात्र डेस्कटॉपला १९२.१६८.०.० कुठे आहे हेच ठाऊक नाही. तो पॅकेट ओएनटीकडे देतो, ओएनटी ते इंटरनेटकडे ढकलतो. लॅपटॉपवर टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून खालून पिंग मारला, एक ओळ उमटली नाही. सांबाच्या कॉन्फिगमध्ये कितीही डोकं घातलं असतं तरी हाती काही लागलं नसतं.

सरळ उपाय म्हणजे राउटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद, पत्ता १९२.१६८.१.२, आणि मग केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये (घरच्या यंत्रांच्या पोर्टात), म्हणजे घरात एकच नेटवर्क. पण मुलांचं इंटरनेट रात्री बंद करणारं कुलूप त्या राउटरवर राउटर मोडमध्येच चालतं, आणि घरच्या बाई ते सोडायला तयार नव्हत्या. ओएनटीला १९२.१६८.०.० कडची वाट (रूट) सांगावी, तर अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनी देत नाही. वीज ग्राहकाची, जागा ग्राहकाची, किल्ली तिसऱ्याकडे!

म्हणून राउटरच्या वॅनला १९२.१६८.१.२५० हा स्थिर पत्ता दिला, लॅपटॉपचा पत्ता रिझर्व्ह केला, फाइल शेअरिंगचा पोर्ट टीसीपी ४४५ त्याच्याकडे फॉरवर्ड केला, म्हणजे वॅनवर ४४५ला आलेलं लॅपटॉपकडे जातं. यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलमध्ये, ४४५ फक्त खालच्या १९२.१६८.१.०/२४ नेटवर्कसाठी उघडा ठेवला. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिनपेक्षा वेगळा ठेवला जातो, तो 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए'ने घातला. एक्सप्लोररच्या नेटवर्कमध्ये लॅपटॉपचं नाव येत नाही, पत्ता टाकूनच उघडावं लागतं. खालून लॅपटॉपला पिंग अजूनही जात नाही, फाइल जाते.

सहकाऱ्याला ४४५ फॉरवर्ड केलेलं मुळीच पटलेलं नाही. इंटरनेटच्या तोंडावर तो पोर्ट कधीच उघडू नये, हे खरंच. इथे वॅनपलीकडे घरच आहे. पण उद्या कोणी ओएनटी ब्रिज मोडला टाकला, म्हणजे त्याचं राउटरपण बंद केलं, तर तेच वॅन इंटरनेटला भिडेल आणि मधे उरेल तो फक्त यूएफडब्ल्यूचा नियम. राउटरच्या पाठीवर मार्करने लिहून आलोय: ब्रिज करण्याआधी ४४५ काढा.