तोडली नाही ती बोट : लाँग बीचची क्वीन मेरी

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरातून खाडीपलीकडे पाहिले की सगळ्यात आधी नजरेत भरतात ती क्वीन मेरीची, म्हणजे आता हॉटेल झालेल्या एका जुन्या ब्रिटिश प्रवासी बोटीची, तीन लाल-काळी धुराडी. ती मूळची नाहीत. बोट इथे आल्यावर तिच्या पोटातले बॉयलर काढायचे म्हणून धुराडी उचलली, तेव्हा आतला पत्रा गंजून संपलेला निघाला. वर्षानुवर्षे चढवलेल्या रंगाच्या थरांनीच ती धरून ठेवली होती. मग तशीच दिसणारी नवी बसवली. हे सुरुवातीलाच सांगते, कारण क्वीन मेरी जशीच्या तशी उरलेली नाही. तिच्यातले बरेच काही गेले आहे. तरीही इतकी वर्षे मनात धरलेल्या एखाद्या गोष्टीने प्रत्यक्षात आणखी मोठे दिसावे, असा अनुभव मला क्वचितच आला आहे.

माझे वडील मुंबईच्या गोदीत फिटर होते. आमच्या घरी जहाजांची नावे नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात, आणि त्यात क्वीन मेरीचे नाव वडील जरा आवाज खाली आणून घेत. त्यांनी ती पाहिलेली नव्हती. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या भाच्याने "मावशी, इथे आलीस की आधी काय बघायचं ते सांग," म्हटले, तेव्हा उत्तर तयार होते. "अगं, डिस्नेलँड राहू दे का मग?" "राहू दे."

जवळ गेल्यावर कळते की ही बोट एका नजरेत मावत नाही. लांबी १,०१९ फूट, म्हणजे ३१० मीटर. बोटीचे आकारमान ज्या टनांत मोजतात, त्यांचा आकडा ८१ हजारांच्या वर. टायटॅनिक ४६ हजार टनांची होती, यावरून अंदाज यावा. काळ्या कुशीवर पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या रांगाच रांगा आहेत. सगळ्या बोटीत एक कोटीहून अधिक रिव्हेट आहेत म्हणतात, आणि त्यातला प्रत्येक कोणीतरी तापवला, कोणीतरी झेलला, कोणीतरी ठोकला. गोदीजवळ वाढलेल्या माणसाला हे निव्वळ आकडे वाटत नाहीत. मला त्यातून हातोड्यांचा आवाज ऐकू येतो.

ते हातोडे पडले स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकला, जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत. काम १९३० च्या डिसेंबरात सुरू झाले. बोटीला तेव्हा नाव नव्हते, नुसता नंबर होता, ५३४. वर्षभराने, डिसेंबर १९३१ मध्ये, जागतिक मंदीमुळे पैसे संपले आणि हजारो कामगारांना घरी पाठवले. अर्धवट सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ गंजत उभा राहिला. ज्या गावाची चूल त्या गोदीवर चालायची, त्या गावाला रोज दाराबाहेर पडले की तो दिसत असे. शेवटी ब्रिटिश सरकारने कर्ज दिले, पण अट घातली की बोट बांधून घेणारी क्युनार्ड आणि तिची स्पर्धक व्हाइट स्टार या दोन कंपन्यांनी एक व्हायचे. एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा भोंगा वाजला आणि कामगार आत गेले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला भर पावसात, छत्र्यांच्या गर्दीसमोर, राणी मेरीने स्वतःचे नाव देऊन तिला पाण्यात सोडले. मे १९३६ मध्ये ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीला निघाली.

त्या काळी अटलांटिक ओलांडायचा म्हणजे बोटच. कोणाची बोट सर्वांत वेगवान, यावरून देशादेशांत चुरस होती. फ्रान्सची नॉर्मंडी आणि ब्रिटनची क्वीन मेरी यांच्यात हा मान काही वर्षे इकडून तिकडे गेला. १९३८ मध्ये क्वीन मेरीने सरासरी ३१.६९ नॉट (ताशी सुमारे ५९ किलोमीटर) वेगाने, तीन दिवस आणि जेमतेम एकवीस तासांत अटलांटिक पार केला. तो विक्रम १९५२ पर्यंत टिकला. मला नॉर्मंडी दिसायला अधिक देखणी वाटते, फोटोंतही तिच्यावरून नजर हटत नाही. पण नॉर्मंडी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला आग लागून आडवी झाली आणि पुढे भंगारात गेली. क्वीन मेरीची धाकटी बहीण क्वीन एलिझाबेथ १९७२ मध्ये हाँगकाँगला जळाली.

आत शिरल्यावर पहिला धक्का बसला तो लाकडाचा. पन्नासहून अधिक जातींची लाकडे या बोटीत वापरली आहेत. मधाच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत भिंतींचे पृष्ठभाग चकाकतात, आणि बोटीच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, ऑब्झर्व्हेशन बारमध्ये, जिथे अर्धगोलाकार खिडक्यांतून समोरचे पाणी दिसते, तिथे तर उठावेसे वाटत नाही. पहिल्या वर्गाच्या जुन्या भोजनगृहात भिंतभर अटलांटिकचा नकाशा आहे. एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्याला अमेरिका, आणि मधल्या वाटेवर स्फटिकाची छोटी बोट. प्रवासात ती रोज पुढे सरकायची आणि जेवायला बसलेल्या लोकांना आपण समुद्रात कुठवर आलो ते ताटावरून मान वर करताच कळायचे. किती साधी आणि किती सुंदर कल्पना!

केबिनमधल्या न्हाणीत टबाला चार नळ आहेत: गरम गोडे पाणी, गार गोडे पाणी, गरम खारे पाणी, गार खारे पाणी. गोडे पाणी जपून वापरायचे, आणि ज्याला समुद्रस्नान हवे त्याला ते केबिनमध्ये मिळायचे. एका नळावर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते. पितळ हाताळून हाताळून गुळगुळीत झाले आहे.

मात्र सर्वांत जास्त वेळ मी केबिनबाहेरच्या बोळात घालवला. बोळ इतका लांब आहे की पलीकडच्या टोकाची माणसे बोटाएवढी दिसतात. आणि तो सरळ नाही. मधे खाली झुकतो, दोन्ही टोकांना वर चढतो. समुद्रात लाट नाळेवर चढू नये म्हणून बोटीचा डेक दोन्ही टोकांना उचललेला असतो, तोच बाक आतल्या जमिनीत उतरला आहे. हॉटेलचा गालिचा आणि दिव्यांची रांग काही म्हणो, पाय सांगतात की ही इमारत नव्हे, बोट आहे. माणसे तिथे फोटो काढत होती, लहान मुले उतारावरून धावत होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले आणि परत आले.

दुसऱ्या महायुद्धात या सगळ्या लाकडाला झाकण घालून, सामान उतरवून, बाहेरून करडा रंग फासून तिला सैनिकवाहू बोट केले. वेग हेच तिचे संरक्षण. पाणबुड्यांना ती गाठता येत नसे. १९४० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन ती आपल्या मुंबईलाही आली होती. इटली युद्धात उतरल्यामुळे तांबड्या समुद्रात एवढी मोठी बोट धाडणे धोक्याचे होते, म्हणून सैनिक मुंबईत उतरले, काही देवळालीच्या छावणीत राहिले आणि लहान बोटींनी पुढे सुएझकडे गेले. माझगाव-डोंगरीच्या कितीतरी लोकांनी तेव्हा बंदरात ती करडी तीन धुराडी पाहिली असतील. नाव सांगायची तेव्हा बंदी, पण बंदरावरच्या माणसापासून बोटीचे नाव लपवणे कोणाला जमले आहे?

जुलै १९४३ मध्ये न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला जाताना तिच्यावर १६,६८३ माणसे होती. एका बोटीवर इतकी माणसे त्याआधी कधी नव्हती आणि नंतरही कधी झाली नाहीत. शांततेच्या काळात प्रवासी आणि खलाशी मिळून ती सव्वातीन हजारांच्या आसपास माणसे नेत असे. सैनिक पाळ्या लावून झोपत. लाल, पांढरे, निळे बिल्ले देऊन प्रत्येकाला बोटीचा एक भाग ठरवून दिलेला, त्याबाहेर जायचे नाही.

याच युद्धातली एक गोष्ट जड आहे. २ ऑक्टोबर १९४२ ला आयर्लंडच्या उत्तरेला, तिच्याच संरक्षणासाठी आलेली क्युराकोआ ही युद्धनौका तिच्या वाटेत आली. क्वीन मेरीने तिला मधोमध कापले. तीनशेहून अधिक नौसैनिक गेले. पाणबुड्यांच्या भीतीने कोणासाठीही थांबायचे नाही असा हुकूम होता, आणि हजारो सैनिक पोटात घेऊन ती पुढे निघून गेली. बोटीवरच्या प्रदर्शनात हे नीट सांगितले आहे, आडपडदा न ठेवता. ते मला आवडले.

आवडला नाही तो भुतांचा बाजार. रात्रीच्या भुताटकी सहलींच्या जाहिराती जागोजागी आहेत आणि तिकिटेही भराभर खपतात. खाली एका जलबंद दारात १९६६ मध्ये अठरा वर्षांचा एक खलाशी चिरडून मेला. कामावर गेलेले पोर ते. त्याला भूत करून विकणे मला सहन होत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, याच पैशातून बोट टिकते गं." त्याचे खरे आहे, आणि तरी मी त्या सहलीला गेले नाही.

आम्ही गेलो इंजिन रूममध्ये. बोटीला २४ मोठे वाफेचे बॉयलर होते, ते सगळे काढले. पुढची इंजिन रूमही रिकामी केली. मागची तेवढी राहिली आहे, आणि तेवढीसुद्धा छाती दडपून टाकते. बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या चार पंख्यांना मिळून १,६०,००० अश्वशक्ती. एकेका पंख्यामागे चार टर्बाइन. वाफ पहिल्या टर्बाइनला ढकलून दुसऱ्यात जायची, तिथला जोर संपला की तिसऱ्यात, मग चौथ्यात, म्हणजे एका वाफेकडून चार वेळा काम करून घ्यायचे. टर्बाइन भन्नाट फिरणार, पंखा मात्र मिनिटाला दोनशेच्या आत फेऱ्यांनीच फिरला पाहिजे, म्हणून मधे माणसापेक्षा उंच दात्यांची चाके. आणि या सगळ्यासमोर पितळेची मोठमोठी चाके आणि घड्याळांची भिंत. वर बोट हाकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जागेवरून, म्हणजे ब्रिजवरून, टेलिग्राफची घंटी आली की इथल्या माणसाने चाक फिरवून वाफ सोडायची. त्याला समुद्र दिसत नसे. दिवसाला सुमारे हजार टन तेल जळायचे आणि तो पाण्याच्या पातळीखाली, उकाड्यात, आकड्यांकडे बघत उभा.

तिथे एक वयस्कर स्वयंसेवक भेटले. वडील फिटर होते म्हटल्यावर त्यांनी आमच्या दोघांसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले, कुठला व्हॉल्व्ह कोणी, कुठल्या हाताने फिरवायचा इथपर्यंत. पुढे मागच्या बाजूला एक खोली आहे. बोटीला बाहेरून पेटीसारखे बांधकाम जोडून पाण्याखालचा पंखा दाखवला आहे. कठड्यावरून वाकून पाहिले की हिरवट पाण्यात, दिव्याच्या उजेडात, ३२ टनांच्या पंख्याचे पाते-पाते दिसते. चारपैकी हा एकच जागेवर राहिला. इंजिन रूममध्ये पाहिलेली सगळी वाफ, चाके, घामाने भिजलेली माणसे यांचे काम शेवटी या पात्यांपाशी येऊन समुद्राला भिडत होते.

१९५८ पासून जेट विमाने अटलांटिक काही तासांत ओलांडू लागली आणि बोटी रिकाम्या धावू लागल्या. १९६७ मध्ये लाँग बीच शहराने क्वीन मेरी ३४.५ लाख डॉलरला घेतली. किनाऱ्याजवळच्या तेलविहिरींच्या उत्पन्नातून पैसे उभे केले. पनामा कालव्यात मावत नाही म्हणून ती दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, केप हॉर्नवरून आली. डेकवर लंडनच्या दोन डबलडेकर बसही होत्या. ९ डिसेंबर १९६७ ला ती इथे पोहोचली आणि तेव्हापासून इथेच आहे. मधल्या काळात चालवणारे बदलले, कर्जे झाली, गंज वाढला. २०२० मध्ये ती बंद पडली, २०२१ मध्ये शहराने पुन्हा ताब्यात घेतली, दुरुस्त केली आणि २०२३ मध्ये उघडली.

बोटीवरच्या प्रदर्शनात हे वाचत असताना मला विक्रांत आठवत होती. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या समुद्रात लढलेली, १९९७ मध्ये निवृत्त झालेली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असलेली आपली विक्रांत. वडिलांबरोबर मी तिच्या डेकवर चालले आहे. ती सांभाळायला पैसा आणि जागा मिळाली नाही. २०१४ मध्ये लिलावात गेली आणि मुंबईतच दारूखाना या बोटी तोडायच्या जागी तोडली. तिच्या पोलादाच्या मोटारसायकली झाल्या, फोर्टमध्ये एक स्मारक झाले. कोकणच्या बोटींचेही तेच. रोहिणी, चंद्रावती या नावांवर अजूनही आमच्या आईच्या पिढीचे डोळे भरून येतात, पण हात लावून बघावे असे काही ठेवलेच नाही. एका परक्या शहराने, ज्याच्या बंदरात ही बोट कधी चाकरीला नव्हती, दुसऱ्या देशाची बोट विकत घेऊन पन्नासहून अधिक वर्षे सांभाळली. बॉयलर काढले, धुराडी बदलली, हॉटेल केले, भुते विकली, पण तोडली नाही. मला त्या शहराचे मनापासून कौतुक वाटते, आणि विक्रांतबद्दलचा राग अजून गेलेला नाही.

जाणार असाल तर लॉस एंजेलिसहून मेट्रोची ए लाइन थेट लाँग बीचच्या मध्यवस्तीत आणून सोडते. तिथून खाडीपलीकडे बस किंवा टॅक्सी. सकाळी लवकर जा, गर्दीआधी तो वाकडा बोळ चालून घ्या. इंजिन रूमसाठी वेळ राखून ठेवा आणि तिथे कोणी जुना स्वयंसेवक दिसला तर प्रश्न विचारायला लाजू नका, ते विचारण्याचीच वाट बघत असतात. आणि बरोबर गोदीत, कारखान्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले कोणी घरातले वडीलधारे माणूस असेल, तर त्यांना जरूर न्या. जिने खूप आहेत, पण सावकाश उतरता येतात.