आमची वाटचाल : माती, भट्टी आणि निविदेतला एक शब्द

आमचं काम भाजक्या मातीच्या उठावाचं. झोन कार्यालय, वाचनालय, नाट्यगृह अशा सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर लागणारी टेराकोटा म्युरल्स आम्ही नागपुरात करतो. उठाव करणारे हात चितार ओळीतले, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या वस्तीतले, भट्टी मामांची. मामा आमचे पहिले भागीदार, पिढीजात कुंभार. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण नफा निम्मा-निम्मा, आणि तोटाही. सुरुवातीची सात-आठ वर्षं ठीक गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते ४० बाय १० फुटांच्या एका म्युरलचं. चारशे चौरस फूट, एक-एक फुटाच्या ४०० टाइल्स, एकूण वजन दोन टनांच्या आसपास. भिंत पश्चिमेची, तीही रस्त्याकडची. त्या कामाने आम्हाला जवळपास बुडवलं. सगळा दोष दुसऱ्याचा होता असं म्हणणार नाही, तो निम्मा-निम्मा वाटला गेला होता.

मातीचं गणित आधी सांगतो, कारण अंदाजपत्रक करणारे इथेच चुकतात. आमची माती वाळताना आणि भाजताना मिळून १० टक्के आकसते. भाजून १२ इंची टाइल हवी असेल तर ओली १३.३ इंचांची कापावी लागते, आणि मूळ चित्रही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं. कलाकाराने १२ इंचांच्या चौकटीत रेखाटलं की सगळी नाकं-डोळी सांध्यावर येतात. जाडी इंचाच्या वर नेऊ नये. उठाव जास्त असेल तिथे मागून कोरून पोकळ करावं. मातीत २० ते २५ टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटी, घातली की टाइल वेडीवाकडी होत नाही. सावलीत वाळवणं तीन आठवडे, पावसाळ्यात दुप्पट. भट्टी १२० अंशांपर्यंत अगदी हळू चढवायची. घाई केली तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि टाइल फुटते, शेजारच्या चार घेऊन. ५७३ अंशांना मातीतली वाळू एकदम फुगते, तिथेही पाय सावकाश. शेवट ९५० ला. मग भट्टी बंद ठेवायची दोन दिवस. उघडून पाहायचा मोह झाला की मामा किल्ली खिशात घालून घरी जायचे.

आता वेळापत्रक. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा म्हणून कार्यादेश डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि टाइल्स भिंतीवर चढायची वेळ येते एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये निघाला तर आणखी कठीण, कारण तिथून गणेशचतुर्थीपर्यंत चितार ओळीतला एक हात मोकळा मिळत नाही. बरं, पैसे कधी? बिल ज्यावरून निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत फक्त भिंतीवर लागलेलं काम चढतं. चार महिने कार्यशाळेत घडवलेलं, भाजलेलं, मागे क्रमांक टाकून पेटाऱ्यांत भरलेलं काम मोजमापात शून्य. माती, लाकूड, मजुरी सगळं आपल्या खिशातून. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी पहिल्या बिलापर्यंतचे चार महिने हातात पैसा असल्याशिवाय निविदा भरू नये. कोणी विचारलं नाही, तरी सांगतो.

त्या म्युरलचं काम ऐन मेमध्ये लागलं. वर्षभर दिमाखात उभं होतं. पुढच्या मेमध्ये ६७ टाइल्स सुटल्या, काही पडल्या, बाकीच्या टिचकी मारली की पोकळ वाजायच्या. दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर आम्हीच दुरुस्त करायची मुदत, चालू होता. सुरक्षा अनामत अडकली, नोटीस आली, आणि त्याच कार्यालयातलं दुसरं बिलही थांबलं. मामांनी भिंतीला कान लावला आणि म्हणाले, "भाऊ, टाइल नाही फुगून राहिली, भिंत फुगून राहिली."

खरं होतं. गिलावा फोडला तेव्हा आरसीसी स्तंभ आणि विटांच्या सांध्यावर तारेची जाळी मारलेलीच नव्हती. सुटलेल्या टाइल्सची रांग त्या सांध्याच्या रेषेत होती. वर कठड्याला कोपिंग, म्हणजे पाणी अडवणारी माथ्याची झाकण-पट्टी, नव्हतं, पावसाचं पाणी टाइल्सच्या मागे उतरत होतं. इमारत काळ्या मातीवर, म्हणजे पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. हे झालं त्यांच्याकडचं. आमच्याकडचं असं की सांधे दोन मिलिमीटरचे ठेवले होते, दिसायला चांगले म्हणून. आणि टाइलच्या मागे चिकटवणी पाच ठिपक्यांत लावली होती, पूर्ण नाही. नागपूरच्या मेमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळी ६० अंशांच्या वर तापते, जानेवारीच्या पहाटे १० वर येते. ४० फुटांत काँक्रीट सहा-सात मिलिमीटर हलतं, भाजकी माती त्याहून कमी, चार. हा फरक सांध्यांनी गिळायचा असतो. दोन मिलिमीटरचा, सिमेंटने घट्ट भरलेला सांधा तो गिळत नाही, टाइलच उचलतो.

दुरुस्तीचा खर्च आमच्यावर. ६७ पैकी २० सपाट पार्श्वभूमीच्या होत्या. कामाबरोबर जादा दिलेल्या २० टाइल्स तिथे खपल्या. उरलेल्या ४७ आकृत्यांच्या, एकेक वेगळी. त्यांचे प्लास्टरचे साचे काम संपल्यावर जागा अडते म्हणून आम्ही फोडणार होतो. मामांनी फोडू दिले नव्हते. "साचे कायले फोडता भाऊ, माह्या माळ्यावर ठेवून द्या ना." ते माळ्यावर होते म्हणून आज हा व्यवसाय आहे. नाहीतर ४७ आकृत्या पुन्हा घडवण्याची ताकद त्या वर्षी नव्हती. भट्टीची जागा आधीच गहाण पडली होती. नव्या टाइल्स पहिल्या भाजणीत जास्त तांबूस आल्या, कारण माती दुसऱ्या खाणीची. दुसऱ्या भाजणीत शेवटचा तासभर भट्टीचं तोंड लिंपून हवा कोंडली, तेव्हा रंग खाली बसला. जवळून पाहिलं तर अजून ओळखू येतात. आम्हाला तरी येतात.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. स्तंभ-विटांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर जाळी, गिलाव्याला २८ दिवस. टाइलमधला सांधा ५ मिलिमीटर, आणि दर तीन मीटरला १० मिलिमीटरचा उभा सांधा पॉलीयुरेथेन सीलंटने, म्हणजे रबरासारख्या लवचिक भरावाने, भरलेला. चिकटवणी दातेरी थापीने भिंतीवर, शिवाय टाइलच्या पाठीवरही, कुठे पोकळी नाही. जड टाइलला ३०४ स्टेनलेसचा हूक. साध्या लोखंडाचा लावला तर दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ चेहऱ्यावर येतात. खालून वर, दिवसाला तीन ओळींच्या वर नाही. पश्चिमेची भिंत सकाळी अकराच्या आत, हिरवी जाळी बांधून. वर कोपिंग, त्याला खालून पाणी तोडणारी खाच. कोपिंग नसेल तर आम्ही कामच सुरू करत नाही.

आणि आता तो एक शब्द. त्याच सुमारास दुसऱ्या एका सभागृहाची निविदा निघाली. सरकारी दरसूचीत म्युरलची बाब नसते, म्हणून तीन दरपत्रकं मागवून दर ठरवतात. त्यातलं एक दरपत्रक आमचं होतं, वर्णनही आम्हीच लिहून दिलेलं. छापून आलं तेव्हा "टेराकोटा म्युरल"चं "टेराकोटा फिनिश म्युरल" झालं होतं. फिनिश म्हणजे नुसतं दिसायला तसं, मग एफआरपी, म्हणजे काचतंतू घातलेलं प्लास्टिक, चालतं. फायबरच्या ४५० ग्रॅमी मॅटचे तीन थर, वर विटकरी रंग. प्रतिस्पर्धी संस्थेने २८ टक्के कमी दर भरला. कमीत कमी दराला काम, नियमानुसार. एफआरपी वाईट असं नाही. आतल्या लॉबीत, छताला टांगायला, हलकं हवं तिथे तेच योग्य. पण दक्षिणेकडच्या भिंतीवरच्या उन्हात, ऊन सोसणारा जेलकोट, म्हणजे वरचा संरक्षक थर, नसताना, तिसऱ्या वर्षी रंग खडूसारखा हाताला लागतो आणि पाचव्या वर्षी तंतू उघडे पडतात. त्या भिंतीवर आज तेच दिसतं. मोजमाप पुस्तिकेत मात्र दोन्हींची नोंद चौरस मीटरमध्येच.

परदेशात काही ठिकाणी कलाकृतीचा पैसा इमारतीच्या अंदाजपत्रकातच बाजूला काढतात. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींपासून एक टक्क्याची पद्धत सुरू केली, अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये नियम केला. टक्क्यापेक्षा महत्त्वाचं हे की कलाकाराला भिंत बांधायच्या आधी बोलावतात. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारातले शिल्पकार रामकिंकर बैज यांचे यक्ष-यक्षी पाहा. इमारत आणि मूर्ती एकमेकांना धरून उभ्या आहेत. आमच्याकडे रंगरंगोटी झाली, पाहुणे यायला पंधरा दिवस राहिले की म्युरल आठवतं. पुतळ्यांचं तरी बरं, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. म्युरलला कोणी पाहत नाही, कनिष्ठ अभियंता टेपने मोजतो.

मागच्या महिन्यात एक निविदा आली, पुन्हा "टेराकोटा फिनिश". निविदापूर्व बैठकीसाठी आम्ही लेखी प्रश्न दिला: फिनिश हा शब्द काढून "९०० ते ९५० अंशांवर भाजलेली माती, जाडी २० ते २५ मिलिमीटर" असं लिहाल का, आणि साचे दोषदायित्व संपेपर्यंत सांभाळण्याची अट घालाल का? उत्तर आलं: "निविदेतील तरतुदीनुसार." दर भरलाय. साच्यांच्या माळ्याचं भाडं त्यात धरलंय.