गच्चीवरची कुंडी लिटरमध्ये मोजा

नर्सरीत कुंडी इंचावर विकली जाते. ‘बारा इंची’ म्हणजे वरच्या तोंडाचा व्यास बारा इंच. खाली ती किती निमुळती होते आणि उंची किती, हे त्यात येत नाही. झाडाच्या कामाची असते ती आतली जागा, म्हणून कुंडी लिटरमध्ये मोजावी. सोपा मार्ग असा: भोकांवर चिकटपट्टी लावायची आणि तांब्या-मग्ग्याने मोजून पाणी भरायचं. बाराची निमुळती कुंडी साधारण १५ ते १६ लिटर भरते, दहाची नऊच्या आसपास आणि आठची जेमतेम पाच. दोन-दोन इंचांचाच फरक, पण माती निम्म्याच्या जवळ उतरते.

काळ्या पॉलिथिनच्या पिशव्यांत तर फसगत ठरलेलीच. त्यांचं माप बहुतेक वेळा पिशवी चपटी ठेवून घेतलेलं असतं. बारा इंच रुंद चपटी पिशवी भरली की तिचा घेर २४ इंच होतो, म्हणजे व्यास साडेसात इंचांच्या थोडा वर. बाराची म्हणून घेतलेली पिशवी प्रत्यक्षात आठच्या कुंडीपेक्षाही अरुंद निघते. जाड विणीच्या गोल ग्रोबॅगवर मात्र खरा व्यास लिहिलेला असतो. विकत घेताना हे विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. सोलापुरात कुंडीचा आकार झाडाच्या उंचीवरून ठरवू नये, पाण्यावरून ठरवावा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि नळाला पाणी रोज येत नाही. चांगल्या भुसभुशीत मिश्रणातलं साधारण पाव ते एक तृतीयांश आकारमानाएवढं पाणी झाडाला मिळू शकतं. म्हणजे २० लिटरच्या कुंडीत पाच-सहा लिटर, ८ लिटरच्या कुंडीत दोन-अडीच. फळावर आलेलं टोमॅटोचं मोठं झाड भर उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर सहज ओढतं. २० लिटरमध्ये ते दीड-दोन दिवस तग धरतं, ८ लिटरमध्ये संध्याकाळच्या आत मान टाकतं.

मान टाकलेलं झाड पाणी घातल्यावर पुन्हा उभं राहतं, त्यामुळे नुकसान झालेलं लक्षात येत नाही. ते फळात दिसतं. टोमॅटोचं खालचं टोक काळं, चामड्यासारखं होतं. लोक लगेच अंड्याची टरफलं नाहीतर चुना टाकतात. तिथे फळात कॅल्शियम कमी पडलेलं असतं हे खरं, पण मातीत ते बहुधा असतंच. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, आणि एकदा कोरडं, एकदा चिंब असा खेळ चालला की फळापर्यंत पोचत नाही. उपाय म्हणजे मोठी कुंडी आणि नियमित पाणी.

आमचे ठरलेले आकडे असे. मेथी-कोथिंबिरीला खोली सहा इंच पुरते, रुंदी मात्र हवी. त्यासाठी भाजीचा प्लास्टिक क्रेट आतून गोणपाट लावून वापरावा. मुळ्याला फूटभर खोली. मिरची आणि भेंडी १२ लिटर; भेंडीचं सोटमूळ खोल जातं, म्हणून ती थेट कुंडीतच पेरायची. वांगं आणि वेलासारखा वाढणारा टोमॅटो २० लिटरच्या खाली नको. दोडका, कारलं, दुधी ३० ते ४०. कढीपत्ता २० मध्ये सुरू करून दोन-तीन वर्षांनी ४० मध्ये हलवावा. लिंबू आणि डाळिंब ५० लिटरच्या पुढे. डाळिंब कोरडं हवामान सोसतं, पण फळ धरल्यावर पाण्यात खंड पडून नंतर एकदम भरपूर मिळालं तर फळं उकलतात.

रोप लहान असताना थेट मोठ्या कुंडीत लावू नका. मुळं चार इंचांत आणि माती वीस लिटर, असं असलं की बाकीची माती ओलीच राहते, आंबते आणि रोप बुडाशी कुजतं. ट्रेमधून चार इंची पिशवीत, पाच-सहा पानांवर आल्यावर शेवटच्या कुंडीत.

भिंतीला देतात त्या पाण्यात कालवायच्या रंगाची रिकामी २० लिटरची बादली स्वस्त आणि उत्तम, घासून धुवा. तळाशी आणि बाजूला तळापासून अर्ध्या इंचावर मिळून १० ते १२ मिलिमीटरची सहा-आठ भोकं पाडा. तळात खडी घालायची सवय सोडा. मिश्रणाच्या तळाला पाण्याचा एक ओला थर नेहमी अडून राहतो. खडी घातली की तोच थर वर, मुळांकडे सरकतो आणि कुंडीची उंचीही वाया जाते. याच कारणाने उथळ कुंडी लवकर दलदलीची होते: ओल्या थराची जाडी तेवढीच, उंची मात्र कमी. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे.

काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र त्रास. वाळली की आकसते, कडेला भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. मुळांचा गोळा कोरडाच. चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काळी घेऊ नका. बाकी पोयटा (गाळाची माती), कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. भरलेलं मिश्रण महिन्याभरात बरंच खाली बसतं, तेव्हा वर पुन्हा भर घाला आणि पाण्यासाठी दोन इंच मोकळे ठेवा.

आता वजन. ओलं मिश्रण लिटरला किलोच्या थोडं वर भरतं, म्हणून २० लिटरची कुंडी बावीस-चोवीस किलोची. भारतीय मानकानुसार माणसांची ये-जा असलेली गच्ची चौरस मीटरला साधारण १५० किलोसाठी धरतात, म्हणजे चौरस मीटरमागे सहा कुंड्या. अर्ध्या कापलेल्या २०० लिटरच्या ड्रमचं वजन एकट्यानेच शंभरच्या वर जातं; तो भिंतीच्या किंवा बीमच्या वरच ठेवावा. जुन्या वाड्यांच्या माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छतावर, मोठी कुंडी ठेवूच नये.

पश्चिमेच्या उन्हात काळं प्लास्टिक इतकं तापतं की कडेची मुळं करपतात. कुंडी जेवढी लहान तेवढी लवकर तापते. बाहेरून चुन्याचा हात मारा किंवा गोणपाट गुंडाळा, आणि मोठ्या कुंड्या पश्चिमेला ठेवून लहान त्यांच्या सावलीत घ्या. कापडी ग्रोबॅग मुळांसाठी चांगली, पण इथल्या उन्हाळ्यात बाजूनेही सुकते. ती घेतली तर आकार दीडपट धरा.

लहान कुंडीत क्षारही लवकर साचतात. मातीवर पांढरी पापडी आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की समजा. आरओचं फेकायचं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत घालू नका. दोन्हींत क्षार आणखी घट्ट झालेले असतात. एसीचं पाणी चालतं. पापडी आलीच तर वरचा इंचभर थर खरवडून टाका आणि पहिला जोरदार पाऊस कुंडीतून मोकळा वाहू द्या, खालच्या ताटल्या काढून.