डाव्या चाकाचा गंज

गाडीला अ‍ॅलॉय व्हील्स लावली ती भाच्याच्या नादाने. "मावशी, ती प्लॅस्टिकची झाकणं आधी काढून टाक. रिक्षा बरी दिसते त्यापेक्षा," असं तो दोनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी पैसे मोजून मोकळी झाले. चाकं छान आली, पाच पाकळ्यांची, चंदेरी. फक्त त्या पाकळ्यांमधल्या फटींतून मागचा ब्रेकड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल डबा, दिसायला लागला. इतकी वर्षं तो बिचारा व्हीलकपच्या पडद्याआड गोषात बसला होता. आता उघडा पडला तर तांबडालाल, पापुद्रे सुटलेला, थेट जांभ्याच्या चिऱ्यासारखा.

ही नुसती उपमा नाही. जांभा लाल दिसतो तो त्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंज म्हणजे तरी दुसरं काय? रत्नागिरीत माझं घर जांभ्याचं आहे, म्हणजे गंजाने बांधलेल्या घरात मी सुखाने राहते. पण घराला शोभतं ते चाकाला शोभत नाही.

गॅरेजमधल्या मेस्त्रींना दाखवलं. ते उकिडवे बसले, वाकून पाहिलं आणि उठताना म्हणाले, "ताई, ब्रेक लागतो ना?"

"लागतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर ड्रमच्या बाहेरच्या अंगावरचा गंज बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतो. जाडजूड ओतीव धातू. वरची एवढीशी साल गंजली तर त्याचं काही बिघडत नाही. पण तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली. बँकेसमोर, भाजी मंडईत, लग्नाच्या हॉलबाहेर, जिथे गाडी उभी दिसेल तिथे मी लोकांच्या मागच्या चाकांत डोकावायला लागले. बहुतेक सगळे ड्रम तांबडेच. एका हॉलबाहेर वॉचमनने विचारलं, "मॅडम, काय पडलं का?"

ड्रम असतो बिडाचा. आईचा घावनांचा तवाही बिडाचाच. दोघांचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे हे मला गाडी घेतल्यावर अकरा वर्षांनी कळलं. रोज घावनं पडली तर तवा काळाभोर, तुळतुळीत राहतो. आई मुंबईला ताईकडे महिनाभर राहून आली की त्यावर तांबूस साय धरलेली असते. ड्रमचं आतलं अंगही तसंच. ब्रेक दाबला की आतल्या चंद्रकोरीसारखे दोन शूज बाहेरच्या बाजूला फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. या घासण्याने ते अंग आरशासारखं लख्ख राहतं. श्रावणात गाडी आठ दिवस जागेवर राहिली तर पहिल्या ब्रेकला मागून 'खर्र' असा आवाज येतो. तेवढ्यात आतली साय निघून जाते. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मात्र शूज ओल्या ड्रमला चिकटून बसतात आणि गाडी हलायचं नाव घेत नाही. म्हणून आमच्या आळीत पावसाळ्यात कुणी हँडब्रेक ओढत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली चिरा सरकवायचा. प्रत्येक गाडीचा चिरा ठरलेला आहे. दुसऱ्याचा उचलला तर बोलाचाली होते.

हे शूज ड्रमच्या पोटात घालायची युक्ती 1902 साली फ्रान्समधल्या लुई रेनॉने रूढ केली असं सांगतात. त्याआधी ड्रमला बाहेरून पट्टा आवळायचे. त्यावर चिखल-पाणी बसलं की पकड गेली. रेनॉने सगळं आत झाकून घेतलं. म्हणजे पाऊस बाहेरच्या अंगावर झेलायचा आणि काम आत करायचं, अशीच या वस्तूची मूळ योजना. बाहेरचं अंग देखणं असावं हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. ते खूळ माझ्या भाच्याचं.

आता एक कोडं. उजवा ड्रम नुसता तांबूस होता, पण डावा अगदी खाऊन गेलेला. बोटाने पापुद्रा उचकटावा आणि खाली पुन्हा पापुद्रा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो आणि सुटतो. तो सुटला की खालचं नवं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. त्याचं ऑक्साइड पातळ आणि चिवट, अंगाला घट्ट धरून बसतं आणि खालच्या धातूला वाचवतं. म्हणून ती पाच पाकळ्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकं हसत होती आणि मागचा ड्रम रडत होता. पण एकाच गाडीचे दोन ड्रम, एक बरा आणि एक असा, हे कसं?

मी उपपत्ती तयार केली. माझी गाडी अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभी असते, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला. पश्चिमेला मांडवी, समुद्र हाकेच्या अंतरावर. नैर्ऋत्येचा वारा जूनपासून खारं पाणी डाव्या अंगावर मारत राहणार. मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सहज वाहतो, आणि गंजणं ही मुळात विजेचीच बारीक देवाणघेवाण. त्यात रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा. झालं, कोडं सुटलं! ही उपपत्ती मी मेस्त्रींना, भाच्याला आणि वाण्याच्या दुकानात पिशवी धरून उभ्या असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना ऐकवली. प्राध्यापकांनी मान डोलावली.

पहिला प्रयत्न मी गेटच्या उरलेल्या रंगावर उरकला. चंदेरी ऑइलपेंट, डब्यात तळाशी दोन बोटं. वरवर तारेचा ब्रश फिरवला, वर रंग फासला, जिथे पोचला तिथे सगळीकडे. चार दिवस ड्रम नवरदेवासारखा चमकला. मग कोल्हापूरला एका बारशाला गेले. येताना आंबा घाट उतरताना पुढे ऊस भरलेला ट्रक, त्याच्यामागे मी, ब्रेकवर पाय. साखरप्याला चहाला थांबले तर गाडीतून जळका वास. मागे जाऊन पाहते तर चंदेरी रंगाचं गव्हाळ झालेलं, कडेला बारीक फोड. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग घेऊन त्याची उष्णता करण्याचं यंत्र; ती उष्णता ड्रमवाटेच बाहेर पडते. गेटच्या रंगाला बिचाऱ्याला एवढं ऊन कधी लागलंच नव्हतं. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं असतं हे मला माहीत होतं, पण बारशाचं जेवण जड झालं होतं.

दुसरी चूक घरी आल्यावर कळली. चाक खोलायला गेले तर चारही नट काढून झाले तरी चाक सुटेना. चाक जिथे ड्रमला टेकतं त्या बैठकीवरही मी उत्साहाने रंग दिला होता. तो तापला आणि त्याने चाक चिकटवून टाकलं. टायरला खालून दोन लाथा घातल्या तेव्हा 'टक्' करून सुटलं. मेस्त्री म्हणाले, "ताई, तिथे रंग नाय द्यायचा. रंगाचा थर मागाहून दबतो आनि नट ढिले पडतात." हे ऐकून मात्र पोटात गोळा आला. चाकाखेरीज घाट उतरण्याचा योग थोडक्यात हुकला होता.

मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी रीतसर बसले. रंगाच्या दुकानात उष्णतेला टिकणारा सायलेन्सरचा काळा रंग मागितला. दुकानदाराने विचारलं, "बुलेट कोणाची, मिस्टरांची?" मी हो म्हटलं. वॅगन-आरच्या ड्रमची कथा सांगत बसले असते तर दुपार गेली असती.

गाडी सपाट जागी, पुढच्या दोन्ही चाकांना मागेपुढे चिरे, पहिला गिअर. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवली. जॅकवर माझा विश्वास आहे, पण तो आंधळा नाही. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असल्यामुळे गिअर पुढची चाकं धरून ठेवतो. म्हणून हँडब्रेक सोडून देता येतो आणि वर उचललेला मागचा ड्रम हाताने गरगर फिरतो. याचा फायदा पुढे सांगते. ड्रम काढायच्या फंदात मी पडले नाही. माझ्या गाडीत बेअरिंग ड्रमच्याच पोटात आहे. तिथे हात घालायचं ते काम मेस्त्रींचं.

आई पायरीवर आवळे चिरत बसली होती. म्हणाली, "अगं, तव्याला लावतो तसं खोबरेल तेल लाव की. गंज कशाला येतोय?"

"आई, ब्रेकला तेल लागलं तर मी थेट समुद्रात."

"मग चिंच?"

चिंच वाईट नव्हती. आंबट काहीही गंजाला खातं. पण धुवायला पाणी लागतं, आणि ओल्या बिडाला पुन्हा तांबूस छटा यायला दुपारही पुरते. म्हणून कोरडं काम. नाकाला मास्क, कारण ब्रेकची धूळ फुंकायची वस्तू नव्हे. तारेचा ब्रश, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस. अर्ध्या तासात कागदावर लाल भुकटीचा ढीग जमला. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात घातली असती तर कुणी ओळखली नसती. खाली बिडाचा खरा राखाडी रंग दिसला, बारीक दाणेदार. खळग्यांमध्ये मात्र गंज रुतून बसलेला, तिथे ब्रशची तार पोचेना. त्यावर रस्ट कन्व्हर्टर नावाचं दुधासारखं पाणी लावलं.

ते लावल्यावर जे झालं ते मी तीनदा पाहिलं. पांढरं पाणी तांबड्या खळग्यात शिरतं, क्षणभर काही होत नाही, मग कडेने जांभळट छटा येते आणि बघता बघता सगळं काळं पडतं. मी आईला हाक मारली. ती विळी तशीच हातात घेऊन आली, वाकून पाहिलं आणि विळीचं पातं माझ्यापुढे धरलं. आवळ्याच्या रसाने ते तसंच काळंजांभळं झालं होतं.

"यात काय नवीन?" ती म्हणाली.

काहीच नव्हतं. आवळ्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, त्या बाटलीतही टॅनिनच. लोखंडाशी गाठ पडली की दोघांचं काळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड घालून शाई करत ती याच जातीची.  म्हणजे दुकानातून बाटली आणून मी गंजावर जी जादू पाहत होते ती आईच्या विळीवर पन्नास वर्षं चालू होती, आणि ती रोज नारळाच्या किशीने घासून टाकत होती.

ते वाळल्यावर थिनरने पुसून, बैठकीला आणि चार बोल्टांना चिकटपट्टी लावून रंगाला बसले. हाच तो मघाशी म्हटलेला फायदा. ब्रश एका जागी धरायचा आणि डाव्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. रंग आपोआप गोल उतरत जातो, कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा फराटा नाही. कुंभार चाकावर मडकं करतो, मी तयार मडक्याला चाक समजून रंगवत होते. आतून शूजचा हलका 'सुस्स सुस्स' आवाज, वर नारळाच्या झावळांचा, मध्येच कोळणीची हाळी. पातळ हात तीन दिले. दोन हातांच्या मधल्या पाऊण तासात उजव्या चाकाकडे जायचं ठरवलं होतं, पण मी स्टूलवर बसून नुसता ड्रम फिरवत राहिले. आईने विचारलं, "वाळतोय का गं?" मी म्हटलं, "हो, त्याला वारा देतेय."

संध्याकाळी चाक चढवलं. नट समोरासमोरचे जोडीने आवळले, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा. दोन पावलं मागे सरून पाहिलं. पाच चंदेरी पाकळ्या आणि त्यामागे गडद, मंद काळा गोल. दिसत होता तो जेमतेम तीन-चार बोटं, पण ती बोटं बघत मी चहा प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंगणात आले. कोवळं ऊन गेटमधून तिरपं आत आलेलं. गेटच्या फटीतून आळीतला तांबू कुत्रा शिरला, रोजच्या वाटेने, रोजच्या घाईने. उजवं मागचं चाक त्याने नुसतं हुंगलं. मग वळसा घालून डावीकडे गेला, बरोबर पाकळ्यांच्या फटीसमोर थांबला आणि तंगडी वर केली.

प्राध्यापकांना अजून सांगितलेलं नाही.