मध्यावधी आढावा म्हणजे अर्धे अप्रेझल नव्हे

वर्षाचा मध्य जवळ आला की एचआर विभागाचा ईमेल येतो. त्यात एका फॉर्मची लिंक असते आणि अमुक तारखेपर्यंत प्रत्येक सहकाऱ्याशी मध्यावधी आढाव्याची चर्चा पूर्ण करून तशी नोंद करावी, असे कळवलेले असते. मग बरेच टीम लीडर शेवटच्या आठवड्यात एकामागोमाग बैठका लावतात, रकाने भरतात आणि सुटलो म्हणतात. या बैठकांतून काहीच निष्पन्न होत नाही, ही तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते आणि ती बहुतेक वेळा रास्तच असते, कारण वार्षिक अप्रेझलचीच (वर्षअखेरीस होणाऱ्या कामाच्या मूल्यमापनाचीच) एक छोटी, बिनपरिणामांची आवृत्ती म्हणून आपण या चर्चेकडे पाहत आलो आहोत. माझ्या मते तिचे काम अगदी वेगळे आहे. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली उद्दिष्टे अजूनही योग्य आहेत का आणि ती गाठण्याच्या मार्गात काय आड येते आहे, हे उरलेले सहा महिने हातात असतानाच पाहून घेणे, एवढ्यासाठीच ही चर्चा असावी.

हा विचार नवा नाही. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत मायर, के आणि फ्रेंच या संशोधकांनी अप्रेझलच्या मुलाखतींचा बारकाईने अभ्यास केला होता आणि त्याचे निष्कर्ष 1965 साली प्रसिद्ध झाले. टीकेमुळे माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि उद्दिष्टे गाठण्यावर त्याचा उलटा परिणाम होतो, स्तुतीने फारसा फरक पडत नाही, आणि सर्वाधिक सुधारणा नेमकी उद्दिष्टे ठरवल्याने होते, असे त्यांना आढळले. पगार व बढती यांचा निर्णय आणि काम सुधारण्याची चर्चा एकाच बैठकीत करू नये, हा त्यांचा सल्ला तर मला आजही लागू वाटतो. समोरच्याच्या मनात वेतनवाढीचा आकडा घोळत असेल, तर आपल्या कामातील अडचण तो मोकळेपणाने कशी सांगणार? वर्षाच्या मध्यावर बहुतेक ठिकाणी पैशाचा निर्णय व्हायचा नसतो. ही या चर्चेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि आपण ‘सध्याच्या घडीला तुमचे रेटिंग असे दिसते’ हे वाक्य उच्चारून ती घालवून बसतो.

अर्थात, रेटिंगबद्दल विचारणा होतेच. तेव्हा आकडा सांगू नये. पण काम अपेक्षेपेक्षा बरेच मागे असेल, तर ते गोड शब्दांत गुंडाळूही नये. कोणते काम मागे आहे, किती मागे आहे आणि वर्षअखेरपर्यंत ते कुठे पोहोचायला हवे, हे स्पष्ट सांगावे. ही गोष्ट वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा कानावर पडली, तर सहा महिन्यांपूर्वी सांगता येत असूनही सांगितले नाही, हा समोरच्याचा राग योग्यच ठरतो.

तयारीचा मुद्दा कंटाळवाणा वाटतो, पण बहुतेक चर्चा तिथेच फसतात. आपल्या स्मरणात गेले तीन-चार आठवडे ठसठशीत असतात आणि त्याआधीचे सारे पुसट झालेले असते. त्यामुळे नुकतीच एखादी डेडलाइन चुकवलेला सहकारी आपल्याला सबंध सहामाहीत ढिला वाटू लागतो. दुसरा दोष याहून जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवून दिले होते की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांचे गुण जोखताना एकूण मताचा रंग प्रत्येक गुणाला देतात. ज्याच्याबद्दल मत चांगले, त्याची बुद्धी, शिस्त आणि नेतृत्व असे सारेच चांगले ठरते. शंभर वर्षांनंतरही आपण यातून सुटलेलो नाही. म्हणून चर्चेच्या आधी गोल शीट, म्हणजे वर्षारंभी ठरवलेल्या उद्दिष्टांची यादी, उघडून महिन्यागणिक ईमेल, कामाच्या नोंदी आणि ग्राहकांचे अभिप्राय चाळावेत. प्रत्येकासाठी तासभर तरी लागतो. ज्या टीम लीडरला हा वेळ नाही, त्याने चर्चा आठवडाभर पुढे ढकललेली बरी.

गोल शीट वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. वर्षारंभी लिहिलेल्या उद्दिष्टांपैकी एखाद-दुसरे एव्हाना निरर्थक झालेले असते. समजा, ग्राहक सेवेच्या टीममध्ये ‘प्रत्येक तक्रार 24 तासांत निकाली काढणे’ हे उद्दिष्ट होते. मधल्या काळात सोप्या तक्रारींची उत्तरे आपोआप देणारी यंत्रणा आली आणि माणसांकडे फक्त गुंतागुंतीची प्रकरणे उरली. आता 24 तासांचा आकडा पकडून ठेवला, तर प्रकरण नीट न सोडवता ‘निकाली’ असा शिक्का मारण्याचा मोह होणारच, आणि त्याचा दोष सहकाऱ्याला देता येणार नाही. असे उद्दिष्ट तिथल्या तिथे बदलावे किंवा खोडावे आणि तो बदल लेखी नोंदवावा. तोंडी मान्य केलेला बदल वर्षअखेरीस कोणालाही आठवत नाही.

प्रत्यक्ष चर्चेत प्रश्न कसा विचारला जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. एका सहकारी बाईंना ‘काम कसे चालले आहे?’ असे विचारल्यावर ‘ठीक चाललंय सगळं’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी विचारले, ‘गेल्या महिन्यात कोणत्या कामाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला?’ त्या क्षणभर थांबल्या, लॅपटॉपवर कॅलेंडर उघडून पाहिले आणि म्हणाल्या, ‘दर सोमवारी तीन फाइलींतले आकडे एकत्र करून तक्ता पाठवते ना, त्यात अख्खी सकाळ जाते.’ तो तक्ता ज्या विभागासाठी सुरू झाला होता, त्याने मधल्या काळात स्वतःचा डॅशबोर्ड तयार करून घेतला होता, त्यामुळे तक्ता कोणी उघडतही नव्हते. त्यांच्या गोल शीटमध्ये मागे पडलेली एकमेव बाब होती ग्राहकांचा पाठपुरावा. त्यासाठी लागणारा वेळ नेमका कुठे जात होता, ते फॉर्मच्या कोणत्याही रकान्यातून कळले नसते. असा प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, तर ती आपण भरून काढू नये. टीम लीडरना शांततेची फार भीती वाटते, असे माझे निरीक्षण आहे.

फीडबॅक द्यायचाच असेल, तर तो कामाविषयी द्यावा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरल्याचे दिसले. लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की असे होते, अशी त्यांची मीमांसा होती. ‘तुम्ही तपशिलांकडे लक्ष देत नाही’ हे ऐकून माणूस स्वतःचा बचाव मांडू लागतो, ‘मागच्या दोन अहवालांत बेरजा जुळत नव्हत्या आणि त्या ग्राहकाने दाखवून दिल्या, पाठवण्यापूर्वी त्या कोण तपासतो?’ असे विचारले तर बोलणे बेरजांवरच राहते.

चांगले काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण हटकून हात आखडता घेतो. ‘तुमच्याबद्दल काही प्रश्नच नाही’ म्हणून दहा मिनिटांत त्यांची बोळवण होते आणि वाचलेला वेळ अडखळणाऱ्यांना दिला जातो. खरे तर कंटाळा आला आहे का, नवे काही शिकायला मिळते आहे का, दुसऱ्याचे काम अंगावर पडते आहे का, हे त्यांनाच आवर्जून विचारायला हवे, कारण ते आपण होऊन तक्रार करत नाहीत आणि एक दिवस थेट राजीनामा पाठवतात.

वेळापत्रकाबद्दल थोडेच सांगायचे आहे. एका दिवसात दोन किंवा तीनच चर्चा ठेवाव्यात, कारण चौथीपर्यंत ऐकण्याची शक्ती संपलेली असते. दूरवरून काम करणाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ईमेल आणि चॅटच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. डोळे दुसरीकडे फिरले की ते समोरच्याला लगेच कळते.

त्याच दिवशी चर्चेचा सारांश ईमेलने पाठवावा: कोणती उद्दिष्टे बदलली, सहकारी काय करणार, आणि टीम लीडर काय करणार. तिसरा भाग रिकामा असेल, तर चर्चा एकतर्फी झाली असे समजावे. दुसऱ्या विभागाची परवानगी मिळवणे, निरुपयोगी अहवाल बंद करणे, मदतीला माणूस मागणे ही कामे वरिष्ठालाच करावी लागतात, आणि सहकारी ती होतात की नाही याकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणून साधारण सहा आठवड्यांनंतरची पंधरा मिनिटांची भेट चर्चा संपतानाच कॅलेंडरवर टाकावी आणि त्या भेटीची सुरुवात आपल्या नावावरील कामे कुठवर आली, हे सांगून करावी.