धरायचं कुठे?

बोटीच्या मॉडेलला स्प्रे मारताना निम्मं काम हाताचं. उरलेलं निम्मं म्हणजे तोच हात मॉडेलला न लागू देणं. बोटाच्या ठशातल्या रेघा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात. १:७२ प्रमाणात ते अंतर होतं ३६ मिलिमीटर. ओल्या रंगाला अंगठा टेकला की चिमुकल्या गलबतावर नांगराच्या दोरखंडाएवढे वळ उठलेच.

म्हणून कॅन हलवण्याआधी ठरवायचं, धरायचं कुठे. कोकणात याचं उत्तर अंगणातच पडलेलं असतं: झावळीचे हीर. वल्ही, तोफा, नांगर, असा प्रत्येक सुटा भाग हिराच्या टोकाला इन्स्टंट ग्लूने चिकटवावा, तोही पुढे जोडणीत झाकल्या जाणाऱ्या बाजूने. थेंब टाचणीच्या डोक्याएवढाच. जास्त झाला तर दमट हवेत आजूबाजूला पांढरी झाक धरते. हीर रोवायला थर्माकोल नको. लॅकरच्या, म्हणजे झटपट सुकणाऱ्या रंगाच्या, थिनरने तो विरघळतो आणि रांगेतल्या तोफा एकमेकींवर आडव्या होतात. नारळाचं सोडण उत्तम. फक्त त्याला मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर काथ्याचा एक केस नेमका ओल्या डेकवर जाऊन बसतो. बोटीच्या मुख्य अंगाला मात्र हीर पुरत नाही. डेक बसवण्याआधी आतून जाड काठी दुहेरी टेपने पक्की करावी.

प्लास्टिकच्या भागांवर साच्यातलं तेल असतं, आणि आपल्या हातांवर खोबरेल. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मग पूर्ण वाळल्यावर पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. स्वयंपाकघरात बांगडे तळले जात असतील तर रंगकाम दुसऱ्या दिवशी. तेलाचा अंश राहिला की रंग तिथून मागे सरकतो आणि बांगड्याच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

खरी खोडी हवेची. लॅकर उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि रंग दुधाळ होतो. पावसाळ्यात हे ठरलेलंच. थोडा रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रावण) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारला की बरेचदा उतरतं. एरवी दव सुकल्यानंतर आणि दुपारचा खारा वारा सुटण्याआधी काम उरकावं. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवावा, गॅसजवळ कधीही नाही. दोन मिनिटं हलवावा, १५ ते २० सेंटिमीटरवरून मारावा. फवारा भागाच्या बाहेर सुरू, बाहेरच बंद. फिरवायचा हीर, भाग नव्हे. पातळ तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. एकाच जाड हाताने रंग ओघळतो, शिवाय थिनर प्लास्टिकही खातो. वाफ नाकात जाऊ नये म्हणून वाफेचा फिल्टर असलेला मास्क. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही.

मग वर खोका पालथा घालून एक दिवस विसरून जावं. वाळलं का, हे बोटाने नव्हे, नाकाने बघायचं: वास येतोय तोवर रंग आतून मऊच. वास गेला की हीर ओढायचा नाही, पीळ द्यायचा. टक्‌ आवाज होतो आणि सुटतो. टोक अर्धा सेंटिमीटर छाटलं की तोच हीर पुढच्या तोफेला.