पगार तोच, हातात कमी: जानेवारी २०१३ ची कपात

मी २०११ च्या फेब्रुवारीत एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) न्यू जर्सीला आले. पहिल्या पगारापासून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनसाठीच्या कराचे, ४.२ टक्के कापले जात होते, त्यामुळे इथला दर तेवढाच, असं मी धरून चालले होते. मूळ दर ६.२ टक्के. मंदीच्या काळात लोकांच्या हातात खर्चायला पैसा राहावा म्हणून डिसेंबर २०१० च्या कायद्याने नोकरदाराच्या वाट्याचे २ टक्के एका वर्षापुरते माफ केले होते. ती सवलत पुढे आधी दोन महिने आणि मग अख्ख्या २०१२ साठी वाढवली गेली. मालकाचा ६.२ टक्के वाटा या सगळ्या काळात होता तेवढाच राहिला.

३१ डिसेंबर २०१२ ला सवलत संपली. त्या आठवड्यात टीव्हीवर सारखं 'फिस्कल क्लिफ' (वर्षाअखेरीस एकदम येऊ घातलेली करवाढ आणि खर्चकपात) चाललेलं, आणि चर्चा सगळी प्राप्तिकराची. १ जानेवारीला काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तडजोड मंजूर केली, २ तारखेला ओबामांनी सही केली आणि आमच्या ऑफिसात सगळे निश्चिंत झाले, कारण मध्यमवर्गाचा प्राप्तिकर वाढला नव्हता. पे-रोल टॅक्सच्या, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या, सवलतीला त्या तडजोडीत जागाच नव्हती. नवा कर कोणी लावला नाही, दर वाढवायचा ठराव कोणी केला नाही; मुदत संपली आणि ६.२ टक्के परत आले. म्हणूनच ही वाढ पगार हातात पडेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात आली नाही.

माझा पगार तेव्हा वर्षाला ७२,००० डॉलर, म्हणजे महिन्यातून दोनदा ३,००० चा चेक. ४.२ टक्क्यांनी १२६ डॉलर जात, ६.२ टक्क्यांनी १८६. चेकमागे ६० डॉलर, महिन्याला १२०. डॉलर तेव्हा ५४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेसहा हजार रुपये. साताऱ्याच्या घराच्या कर्जाचा हप्ता मी इथून भरत होते. हा आकडा माझ्यासाठी किरकोळ नव्हता.

१५ जानेवारीचा चेक आला तो जुन्याच दराने. ३१ तारखेचा आला तेव्हा डिसेंबरपेक्षा जवळपास दीडशे डॉलर कमी. साठची तयारी होती, दीडशेची नव्हती. मी डिसेंबरचा आणि हा, असे दोन पे-स्टब (पगाराच्या पावत्या) शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. ज्यांना असा धक्का बसतो त्यांना मी आजही हेच सांगते. शेवटचा निव्वळ आकडा बघत बसू नका, ओळी बघा.

तीन गोष्टी एकदम आल्या होत्या. एक, नवा दर. दोन, १५ तारखेचे राहून गेलेले ६० डॉलर. कायदा इतका उशिरा झाला की आयआरएसने (अमेरिकेच्या करखात्याने) मालकांना नवा दर लागू करायला १५ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली होती आणि कमी कापलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत वसूल करायला सांगितलं होतं. आमच्या पे-रोल विभागाने ती एकाच चेकमधून वळती करून घेतली. तिसरी गोष्ट न्यू जर्सीची. बेकारी विमा, अपंगत्व विमा आणि कौटुंबिक रजेचा विमा यांची कपात पगाराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच होते. माझ्यासारख्याची ती तेव्हा जूनच्या सुमारास थांबायची आणि जानेवारीत पुन्हा सुरू व्हायची. ते वीस-पंचवीस डॉलर. पे-रोलमधल्या बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी हाच हिशोब शांतपणे समजावला आणि पुढच्या चेकपासून खड्डा ऐंशी-पंच्याऐंशीचा आणि न्यू जर्सीची कपात जूनमध्ये थांबली की फक्त साठचा असेल, असं सांगितलं. तसंच झालं.

मग तो साठचा खड्डा कसा भरायचा? ऑफिसातल्या एकाने सुचवलं, ४०१(के) मध्ये (नोकरीतून चालणाऱ्या निवृत्तीच्या बचत योजनेत) जास्त टाक, करपात्र पगार कमी होईल. प्राप्तिकरापुरतं ते खरं आहे. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कर) हे ४०१(के) मध्ये टाकलेल्या पैशांवरही लागतातच. हातात येणारी रक्कम त्याने आणखी घटते. निवृत्तीसाठी ते करावं, पण या कपातीवरचा उपाय म्हणून नाही.

दोन्ही कर खरोखर वाचतात ते आरोग्यविम्याच्या हप्त्यावर आणि प्रवासाच्या पासवर, जर मालक ते करपूर्व कापून घेत असेल तर. मी एडिसनहून नेवार्कला ट्रेनने जायचे. पासासाठी महिन्याला १२५ डॉलरच बिनकराचे मिळत होते. त्याच २ जानेवारीच्या कायद्याने ही मर्यादा २०१३ साठी २४५ केली. याची बातमी फारशी कोणी केली नाही. मी लगेच अर्ज बदलला आणि महिन्याला वीसेक डॉलर वाचू लागले.

राहिलेलं डब्ल्यू-४ ने सावरलं. पगारातून प्राप्तिकर किती कापायचा ते मालकाला सांगणारा हा फॉर्म; २०१९ पर्यंत त्यात 'अलाउन्स' लिहायचे, जितके जास्त तितका कर कमी कापला जायचा. नवीन आलेले बहुतेक जण त्यात शून्य अलाउन्स लिहायचे, म्हणून प्राप्तिकर गरजेपेक्षा जास्त कापला जायचा आणि रिफंड यायचा. मला दरवर्षी बऱ्यापैकी रिफंड येत होता. एक अलाउन्स वाढवला. २०१३ मध्ये एक अलाउन्स म्हणजे वर्षाचे ३,९०० डॉलर. माझ्या २५ टक्क्यांच्या टप्प्यात चेकमागे ४० डॉलर मोकळे झाले. पण हे नीट समजून करायला हवं होतं. यात २ टक्के परत मिळत नव्हते, आपलेच रिफंडचे पैसे आधी हातात यायचे, एवढंच. ज्याला रिफंड येत नसे त्याने हे केलं तर एप्रिलमध्ये भरावे लागायचे.

माझं असं निभावलं, कारण माझ्याकडे हलवायला चार खुंट्या होत्या. आमच्या इमारतीतल्या काकू ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात तासाला ८ डॉलरवर काम करायच्या. आठवड्याचे ३२०. त्या चेक घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, माझे तास तेवढेच, मग शेटनं सहा डॉलर कशाचे कापले?" शेटची चूक नव्हती, ६ डॉलर ४० सेंट ते याच वाढीचे. वर्षाचे जवळपास ३३३ डॉलर, म्हणजे आठवड्याभराच्या पगाराहून जास्त. काकूंना दुकानाकडून विमा नाही, पास नाही, प्राप्तिकर इतका थोडा की डब्ल्यू-४ बदलूनही काही हाती लागणार नाही. मी त्यांना हिशोब समजावू शकले, पैसे वाचवायची वाट दाखवू शकले नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हा कर पहिल्या डॉलरपासून लागतो आणि २०१३ मध्ये ११३,७०० डॉलरवर थांबत होता. त्यामुळे दोन लाख कमावणाऱ्याला या वाढीचे जास्तीत जास्त २,२७४ डॉलर पडले, म्हणजे पगाराचा सव्वा टक्काही नाही. काकूंना पुरते दोन टक्के. निवृत्तिवेतनाच्या निधीत पैसे जायला हवेत हे मला मान्य आहे. पण सवलत संपवताना खालच्या पगारवाल्यांसाठी काहीतरी ठेवायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

काकूंना निदान त्याची पेन्शन मिळेल. सोशल सिक्युरिटीला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४. २०१३ मध्ये १,१६० डॉलर कमाईला एक क्रेडिट होतं, म्हणजे त्यांचे चारही सहज जमत. एच-१बीची मुदत मात्र साधारण सहा वर्षं: २४ क्रेडिट. ग्रीनकार्डची प्रक्रिया सुरू नसेल तर माणूस परत जातो आणि भरलेल्या पैशांवर त्याला पेन्शन मिळत नाही. भारताचे जर्मनी, बेल्जियम, फ्रान्सशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. पुण्या-नाशिकहून आलेल्या किती तरी मुलांचे पैसे असे इथेच राहतात. दर ४.२ चा ६.२ होतो तेव्हा हे नुकसानही त्याच प्रमाणात वाढतं, आणि यावर आपण पुरेसे बोलत नाही.

कपात बरोबर झाली का, हे शेवटी डब्ल्यू-२ वर, म्हणजे मालकाकडून मिळणाऱ्या वर्षभराच्या पगार-कपातीच्या दाखल्यावर, तपासता येतं. चौकट ३ मधल्या रकमेचे ६.२ टक्के चौकट ४ मध्ये यायला हवेत. जानेवारी २०१३ च्या त्या वसुलीमुळे मी दुसऱ्या वर्षी कॅल्क्युलेटर घेऊन ते पडताळलं, बरोबर निघालं. वर्षात नोकरी बदलली आणि दोन्हीकडचं मिळून मर्यादेपेक्षा जास्त कापलं गेलं असेल, तर जास्तीचे पैसे रिटर्न भरताना परत मागता येतात.